'खमक्या' : एका रोकड्या विशेषणाचा अर्थ आणि उपयोग

बीड, (विशेष प्रतिनिधी) : तहसील कार्यालयात फाइल अडली, मोजणीच्या वेळी शेजाऱ्याने बांध कोरल्याचे उघड झाले किंवा ऊसतोडीच्या हिशेबात मुकादमाने टनेज कमी धरले, की बीड जिल्ह्यात जाणकारांकडून एकच सल्ला मिळतो. 'कोणी खमका माणूस सोबत घेऊन जा!' खमका म्हणजे कसा, हे सल्ला देणारा सांगत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही. माणूस फार शिकलेला हवा असे नाही. पैसेवाला हवा असेही नाही. अंगाने दांडगा असलाच पाहिजे, अशीही अट नाही. तरीही गावातल्या कोणाला हाक मारायची, हे दोघांच्याही मनात क्षणात पक्के होते.

मराठी बोलीतील काही विशेषणे अशी आहेत, की त्यांचा प्रतिशब्द पटकन सापडत नाही. मात्र ज्याला ती लागू पडतात तो माणूस पटकन सापडतो. 'खमक्या' हे त्यांपैकीच एक. ग्रांथिक मराठीत त्याला फारसा मान नाही. सत्काराच्या मानपत्रात ते आढळत नाही, पुतळ्याच्या चौथऱ्यावर तर नाहीच. बाजार, पार, एसटी स्टँड, ग्रामपंचायतीची ओसरी आणि अलीकडच्या काळात वृत्तपत्रांचे मथळे या त्याच्या वावराच्या जागा. त्याचा अर्थ, त्याची रूपे, त्याच्या जवळचे शब्द आणि बीडसारख्या जिल्ह्यात त्याला आलेले वजन यांचा हा आढावा.

अर्थाची तीन अंगे

'खमक्या' या एका शब्दात तीन गोष्टी एकत्र नांदतात. पहिली म्हणजे न दबणे. समोरचा वयाने, पदाने, पैशाने किंवा आवाजाने मोठा असला तरी खमक्या माणसाची जीभ अडखळत नाही. दुसरी म्हणजे व्यवहाराची जाण. कोणता कागद कोणाकडे असतो, कोणत्या पावतीवर कोणाची सही लागते, कोठे बोलावे आणि कोठे नुसते बसून राहावे, हे त्याला कळते. तिसरी म्हणजे काम तडीस नेण्याची चिकाटी. एक हेलपाटा वाया गेला म्हणून तो घरी बसत नाही.

यांपैकी एक अंग कमी झाले की शब्द बदलतो. व्यवहार कळत नाही, पण भीती नाही, अशा माणसाला 'बेडर' किंवा फार तर 'धाडसी' म्हणतात. व्यवहार कळतो, पण समोरच्याच्या डोळ्याला डोळा देण्याची हिंमत नाही, तो 'हुशार' खरा, पण 'मऊ'. दोन्ही असून चिकाटी नाही, तो 'बोलाचा'. तिन्ही एकत्र आल्यावाचून मराठी माणूस 'खमक्या' हे विशेषण खर्ची घालीत नाही.

'मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये' अशी म्हण मराठीत आहे. खमक्या माणूस म्हणजे जेथे कोपर घातले तर कोपरालाच लागते, अशी जमीन. 'बळी तो कान पिळी' हा न्याय जेथे चालतो, तेथे ज्याचा कान हाती लागत नाही, तो खमक्या.

रूपे आणि वाक्यरचना

पुल्लिंगी 'खमका' आणि 'खमक्या' ही दोन्ही रूपे बोलण्यात येतात. 'तो मोठा खमका आहे' आणि 'तो खमक्या आहे' यांत अर्थाचा फरक नाही. दुसऱ्या रूपात जरा अधिक सलगी असते इतकेच. 'बोलका', 'लाडका' या विशेषणांप्रमाणे स्त्रीलिंगी रूप 'खमकी' आणि अनेकवचनी किंवा आदरार्थी रूप 'खमके' होते. 'वहिनी खमकी आहे', 'साहेब खमके आहेत', 'पोरी खमक्या निघाल्या' ही नेहमीची उदाहरणे.

विभक्तिप्रत्यय लागलेल्या नामापूर्वी मात्र तिन्ही लिंगांत एकच रूप येते. 'खमक्या माणसाला', 'खमक्या बाईला', 'खमक्या पोराला'. त्यामुळे 'खमकी बाईला' असे लिहिणे अशुद्ध ठरते. भाववाचक नाम 'खमकेपणा', क्रियाविशेषण म्हणून उपयोग 'खमकेपणाने'. जोर देण्यासाठी 'चांगला', 'भलताच', 'मोठा' हे शब्द आधी लावतात. बोलीत 'लई खमकी बाई हाय' एवढ्यावरच काम भागते.

हे विशेषण माणसाचे आहे, वस्तूचे नव्हे. घर भक्कम असते, दोर मजबूत असतो, निर्णय ठाम असतो, उत्तर खणखणीत असते. यांतले काहीच खमके नसते. वृत्तपत्रांतून 'खमकी भूमिका' असा प्रयोग वाचावयास मिळतो. तो रूढ होऊ पाहत आहे, पण तेथेही भूमिकेआड ती घेणारा माणूसच अभिप्रेत असतो.

क्रियापदांची निवडही सूचक आहे. माणूस खमका 'असतो', 'निघतो', 'भेटतो' किंवा 'लागतो'. 'सून खमकी निघाली' या वाक्यात थोडे आश्चर्य असते. 'वकील खमका भेटला' यात समाधान असते. 'इथे खमका माणूसच लागतो' या वाक्यात मात्र माणसाची स्तुती कमी आणि जागेची निंदा अधिक असते. हा शेवटचा प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सख्खे आणि चुलत शब्द

'खमक्या'च्या आसपास अनेक विशेषणे आहेत आणि घाईत एकाच्या जागी दुसरे वापरले जाते. प्रत्येकाचे घर वेगळे आहे.

खंबीर : हा शब्द मुख्यतः सोसण्याशी जोडलेला आहे. घरावर आघात झाला आणि ती खंबीर राहिली, असे आपण म्हणतो. खंबीर माणूस संकटात कोसळत नाही. खमका माणूस ते संकट आणणाऱ्याला जाब विचारतो.

कणखर : प्रकृती, स्वभाव आणि प्रदेश यांना लागणारे भारदस्त विशेषण. ते भाषणात शोभते. 'खमक्या' भाषणात आला की श्रोते हसतात आणि टाळ्याही देतात.

करारी : शब्दाला पक्का, मुद्रेने गंभीर. चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या आणि पुढे इंदूर संस्थानाचा कारभार वाहणाऱ्या अहिल्यादेवी होळकर यांना 'करारी' किंवा 'कणखर' म्हटले जाते. त्यांच्या अंगी खमकेपणाचे तिन्ही गुण होते, यात शंका नाही. परंतु शब्द अनौपचारिक असल्यामुळे आदरापोटी तो बाजूला ठेवला जातो.

रोखठोक : याचा संबंध बोलण्याशी आणि पैशाशी. रोखठोक माणूस स्पष्ट बोलतो. खमका माणूस प्रसंगी गप्पही बसतो आणि काम करून घेतो.

व्यवहारी : नफातोटा ओळखणारा. यात धैर्याची अट नाही. व्यवहारी माणूस 'कशाला भानगडीत पडायचे' असे म्हणून बाजूला होऊ शकतो. खमक्याला ती मुभा नाही.

बेरकी, बिलंदर, इरसाल : यांत चतुराई आहे, पण तिचा रोख स्वतःच्या फायद्याकडे किंवा दुसऱ्याच्या फजितीकडे असतो. खमकेपणात लपवाछपवी नसते.

आडमुठा, हेकट : ताठपणा आहे, समज नाही. योग्य तोडगा समोर आला की खमका माणूस हात मिळवतो; आडमुठा तेव्हाही नाहीच म्हणतो.

खाष्ट, कजाग : हे शब्द बहुधा स्त्रियांच्या वाट्याला आलेले. भांडण हाच ज्यांचा स्वभाव मानला जातो, त्यांच्यासाठी. खमकी बाई भांडते, पण भांडणासाठी भांडत नाही.

इतर भाषांकडे पाहिल्यास हिंदीतील 'दबंग' हा शब्द २०१० च्या चित्रपटानंतर मराठीतही सर्रास झाला. परंतु 'दबंग'मध्ये दुसऱ्याला दाबण्याची छटा आहे, तर 'खमक्या'मध्ये स्वतः न दबण्याची. इंग्रजीतील 'हार्ड-नोज्ड' हा बोलीतील शब्द भावनेला थारा न देणारी व्यवहारकठोरता दाखवतो. व्यापारी वाटाघाटीत किंवा राजकीय सौद्यात तो शोभतो. त्यातली कठोरता मराठी शब्दात आहे, कोरडेपणा मात्र नाही. खमकी आजी नातवंडांवर जीव टाकणारी असू शकते, नव्हे, बहुधा असतेच.

फडावरचा खमकेपणा

बीड जिल्ह्यात या शब्दाला जे वजन आले, त्याचे एक मोठे कारण ऊसतोडीच्या व्यवहारात आहे. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर जातात. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गळीत हंगाम संपल्यावर, परत येतात. चार ते सहा महिन्यांचा संसार पाचटाने शाकारलेल्या कोपीत होतो.

या व्यवहाराचे एकक माणूस नाही, तर 'कोयता' आहे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामापूर्वी मुकादम जोडीला 'उचल' देतो. पुढे तोडलेल्या उसाच्या टनांवर मजुरी धरून ती उचल फेडायची. हंगामाअखेर ती फिटली नाही, तर उरलेली रक्कम 'अंगावर' राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडते. तोडणीच्या दरावर राज्य पातळीवर करार होतात. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. परंतु कराराचा आकडा आणि मजुराच्या हातात पडणारी रक्कम यांच्यामध्ये काटा आहे, टनेजची नोंद आहे, मुकादमाचे कमिशन आहे आणि 'खाडा' आहे. खाडा म्हणजे कामावर न आलेला दिवस. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंडही बसतो.

येथे खमकेपणा म्हणजे काय, हे सहज सांगता येते. आज किती मोळ्या बांधल्या, गाडी कितीला भरली, वजनाची पावती कोणाकडे गेली, वाढे विकून किती आले, खाडे किती धरले, याची नोंद जो ठेवतो आणि हिशेबाच्या दिवशी ती वही मुकादमापुढे उघडतो, तो खमका. वहीच्या जागी भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा असल्या तरी चालतात. मुद्दा अक्षरओळखीचा नाही. आपला हिशेब आपल्याकडे असला पाहिजे आणि तो मागताना मान खाली जाता कामा नये, हा आहे. टोळीत असा एक माणूस असला, तर उरलेल्यांचाही हिशेब जरा सरळ होतो. म्हणूनच टोळी निवडताना 'सोबत कोण आहे' हे मजूर विचारतात.

'खमकी' : स्तुती की ठपका?

व्याकरणात 'खमका' आणि 'खमकी' यांच्यात केवळ लिंगाचा फरक असला, तरी समाजात दोन्हींचा भाव सारखा नाही. पुरुषाने हिशेब मागितला तर तो बहुधा 'व्यवहारी' ठरतो. त्यासाठी वेगळ्या विशेषणाची गरज पडत नाही. बाईने तोच हिशेब मागितला की ती 'खमकी' होते. म्हणजे पुरुषाच्या बाबतीत जी साधी अपेक्षा आहे, ती बाईच्या बाबतीत स्वभावाचे वैशिष्ट्य म्हणून नोंदली जाते. आवाजाच्या चढउतारावर मग ठरते, की शब्द कौतुकाचा आहे की टोमण्याचा. 'सून खमकी आहे, घर सांभाळील' आणि 'सून खमकी आहे, जपून राहा' ही दोन्ही वाक्ये एकाच ओसरीवर ऐकू येतात.

टोमणा म्हणून आलेला शब्द भूषण म्हणून मिरवण्याची उदाहरणे जगभर आहेत. जानेवारी १९७६ मध्ये सोव्हिएत सैन्याच्या 'क्रास्नाया झ्वेझ्दा' या दैनिकाने मार्गारेट थॅचर यांना 'पोलादी स्त्री' म्हणून हिणवले. थॅचर यांनी ते नाव आनंदाने स्वीकारले आणि पुढे तेच त्यांची ओळख झाले.

बीड जिल्ह्याच्या राजकारणात स्त्रीच्या खमकेपणाचा दाखला द्यावयाचा तर केशरबाई क्षीरसागर यांचे नाव आधी येते. गावच्या सरपंचपदापासून सुरू झालेली त्यांची वाटचाल संसदेपर्यंत गेली. १९८०, १९८४ आणि १९९१ अशा तीन निवडणुकांत त्या बीडमधून लोकसभेवर निवडून आल्या. जिल्ह्याने त्यांना 'काकू' म्हटले. डोक्यावर पदर घेतलेल्या या बाईने पुरुषांच्या बैठकीत बसून निर्णय घेतले, ते ग्रामपंचायतींत महिलांसाठी आरक्षण येण्याच्या कितीतरी आधी. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली आणि एकतृतीयांश जागा महिलांसाठी राखीव झाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. त्यानंतर हजारो महिला सरपंच झाल्या. त्यांतल्या अनेकींच्या खुर्चीवर प्रत्यक्षात पतिराज बसले, तर अनेकींनी ती खुर्ची स्वतः सांभाळली. दुसऱ्या प्रकारच्या सरपंचबाईंना गावाने दिलेले विशेषण कोणते, हे सांगण्याची गरज नाही.

जेथे खमकेपणा पुरत नाही

खमकेपणाला मर्यादा आहेत आणि बीड जिल्ह्याने त्या फार कडवटपणे पाहिल्या आहेत. २०१९ मध्ये येथील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी जून २०१९ मध्ये विधिमंडळात दिली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

या स्त्रिया खमक्या नव्हत्या काय? पहाटे अंधारात फडावर पोहोचणाऱ्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणाऱ्या, रात्री कोपीत चूल पेटवणाऱ्या या बायकांना त्या शब्दाने ओळखायचे नाही, तर कोणाला ओळखायचे? परंतु पोटदुखीने एक दिवस बसले की खाडा, दवाखान्यात गेले की खाडा, फडावर शौचालय नाही, न्हाणीला आडोसा नाही, आणि समोर पांढऱ्या कोटातला माणूस 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' अशी भीती घालतो, अशा स्थितीत न दबणे ही गोष्ट एका बाईच्या स्वभावावर सोडून देता येत नाही. हिशेबाच्या वहीत चूक काढता येते. तपासणीच्या खोलीत सांगितलेल्या रोगात ती काढण्यासाठी दुसरा डॉक्टर लागतो, वेळ लागतो आणि खाडा न धरणारा मुकादम लागतो.

या प्रकरणानंतर जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांना अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. एका अर्थाने बाईच्या बाजूने नियम खमका झाला. हाच या शब्दाचा खरा धडा आहे. जेथे नियम उभा राहतो, तेथे प्रत्येक बाईला एकटीने उभे राहावे लागत नाही.

खमका अधिकारी आणि त्याची बदली

मथळ्यांत हे विशेषण सर्वाधिक दिसते ते अधिकाऱ्यांच्या संदर्भात. डिसेंबर १९९० ते डिसेंबर १९९६ या काळात मुख्य निवडणूक आयुक्त असलेल्या टी. एन. शेषन यांनी निवडणुकीची आचारसंहिता कागदावरून जमिनीवर आणली. नियम तेच होते; ते पाळायला लावणारा माणूस आला आणि देशाला त्याचे नवल वाटले. तेव्हापासून 'खमका अधिकारी' ही जणू एक वेगळी जातकुळीच मानली जाऊ लागली.

बीडशी नाते असलेली दोन नावे येथे घ्यावी लागतील. २०१२-१३ च्या तीव्र दुष्काळात सुनील केंद्रेकर बीडचे जिल्हाधिकारी होते. २०१३ मध्ये त्यांच्या बदलीचे वृत्त येताच बीडकर रस्त्यावर उतरले, बंद पाळला गेला. जिल्हाधिकाऱ्याच्या बदलीविरुद्ध दुकाने बंद ठेवणारे शहर विरळाच. दुसरे नाव तुकाराम मुंढे यांचे. बीड तालुक्यातील ताडसोन्ना हे त्यांचे गाव. भारतीय प्रशासन सेवेच्या २००५ च्या तुकडीतील या अधिकाऱ्याच्या बदल्यांची संख्या वीसच्या पुढे गेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबई महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने आयुक्त असलेल्या मुंढे यांच्याविरुद्ध प्रचंड बहुमताने अविश्वास ठराव मंजूर केला. पुढे मार्च २०१७ मध्ये त्यांची बदली झाली. त्यांच्या कार्यपद्धतीचे समर्थक जितके आहेत तितकेच टीकाकारही आहेत. पण खमकेपणाची किंमत बदलीच्या आदेशांत मोजली जाते, हे त्यांच्या कारकिर्दीवरून शाळकरी मुलालाही कळते.

या दोन्ही उदाहरणांत शब्दाचा एक कच्चा दुवा दिसतो. नियमाप्रमाणे काम होणे ही गोष्ट एका माणसाच्या खमकेपणावर अवलंबून असेल, तर तो माणूस गेला की नियमही त्याच्या सामानासोबत ट्रकमध्ये जातो. नवा साहेब 'कसा आहे' याची चौकशी गावाला पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

दहशतीला खमकेपणा म्हणू नये

शब्दाचा सर्वांत घातक गैरवापर वेगळाच आहे. पांढरे कपडे, काळ्या काचांची गाडी, पाठीमागे पोरांचा घोळका आणि कार्यालयात शिरताच टेबलावर आपटलेला हात, अशा माणसालाही काही जण कौतुकाने 'खमक्या' म्हणतात. 'आपला माणूस खमका आहे' या वाक्यात पुष्कळदा 'त्याला सगळे घाबरतात' एवढाच अर्थ शिल्लक असतो. हा शब्दाचा अपमान आहे. खमका माणूस भीत नाही. तो भीती घालतो असे नव्हे. पहिला नियमाचा आधार घेतो, दुसरा नियम मोडण्याची ताकद दाखवतो. पहिल्याच्या मागे कागद असतो, दुसऱ्याच्या मागे टोळके.

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून निर्घृण हत्या करण्यात आली. पवनचक्की कंपनीकडून खंडणी मागण्याच्या प्रकरणाशी तिचा संबंध जोडून तपास झाला. राज्यभर मोर्चे निघाले, जिल्ह्याला नवे पोलीस अधीक्षक मिळाले. या घटनेने खमकेपणा आणि दहशत यांतील रेषा किती स्पष्ट ओढली पाहिजे, हे जिल्ह्याला दाखवून दिले. ज्या समाजात दांडगाईला कौतुकाचे विशेषण मिळते, तेथे सरळ माणसाच्या खमकेपणाला संरक्षण मिळत नाही.

कोठे वापरावा, कोठे टाळावा

लेखनात हा शब्द वापरताना काही पथ्ये पाळावीत. सरकारी पत्रव्यवहारात, अर्जात किंवा निवेदनात तो टाळावा. तेथे 'कार्यक्षम', 'ठाम', 'निःस्पृह' हे शब्द योग्य. बातमीत तो चालतो, पण त्याच्यासोबत कृतीचा दाखला असावा. नुसते 'खमका अधिकारी' लिहून भागत नाही; त्याने काय केले, ते पुढच्या वाक्यात यावे. वयाने मोठ्या व्यक्तीला तोंडावर 'तुम्ही खमके आहात' असे म्हणताना आवाजात आदर हवा, नाही तर ते उद्धट वाटते. लहान मुलीला मात्र हा शब्द मोकळ्या मनाने द्यावा. शाळेत पाठीशी बसणाऱ्याने वेणी ओढली आणि तिने त्याला सरळ बाईंपुढे उभे केले, तर तिला 'भांडखोर' म्हणू नये. ती खमकी आहे.

आणि एक पथ्य समाजासाठी. तलाठ्याकडे सातबारा मागायला, काट्यावर वजन तपासायला, दवाखान्यात दुसरे मत विचारायला किंवा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवायला खमका माणूस 'लागतो', असे ज्या दिवशी कोणाला सांगावे लागणार नाही, त्या दिवशी हा शब्द मागे पडणार नाही. तो हलका होईल. खमका असणे ही तेव्हा गरज उरणार नाही, फक्त स्वभाव उरेल. तोवर गावोगावच्या खमक्या माणसांचा, आणि त्याहून अधिक खमक्या बायांचा, आधार आहे, हे मान्य करावे लागेल.